घरावर सोलर बसवायचं का? आधी बारा महिन्यांची बिलं काढा, मग गच्चीवर चला

सोलर बसवू का असं कोणी विचारलं की मी पहिल्यांदा लाइटबिल मागते, आणि एक नाही, बारा महिन्यांची. आम्ही कराडला राहतो, स्वतःचं घर आहे, वर मोकळी गच्ची, आणि २०२५ च्या जानेवारीत आम्ही तीन किलोवॉटचं सोलर बसवलं. तेव्हापासून गल्लीतले, माहेरचे, मिस्टरांच्या ऑफिसातले असे बरेच जण विचारायला येतात, त्यातल्या काहींना मी सांगितलं की बसवा, थांबू नका, आणि काहींना सरळ सांगितलं की तुम्ही आत्ता अजिबात बसवू नका. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढते, कारण लाख-दीड लाखाचा खर्च आहे, पुढची पंचवीस वर्षं ती वस्तू डोक्यावर राहणार आहे, आणि माणसं फ्रीज घेताना जेवढी चौकशी करतात तेवढीसुद्धा याची करत नाहीत हे बघून मला खरंच काळजी वाटते.

पहिलं काम: कागद, पेन आणि जुनी बिलं

महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, तिथून बारा महिन्यांचे युनिट एका कागदावर उतरवा. रुपये नकोत, युनिट. बेरीज करा. ही बेरीज म्हणजे तुमच्या घराची वर्षाची भूक, आणि सगळा निर्णय या एका आकड्यावर उभा आहे.

आमच्याकडे पहिल्यांदा जो माणूस कोटेशन द्यायला आला त्याने फक्त मे महिन्याचं बिल बघितलं, ३९० युनिट, पाच हजार रुपये, आणि दहा मिनिटांत पाच किलोवॉट सांगून मोकळा झाला. मे महिन्यात एसी दिवसरात्र चालू होता, पाहुणे होते, ते बिल आमचं नेहमीचं नव्हतंच. बेरीज केली तर वर्षाचे भरले साधारण ३,६०० युनिट, म्हणजे महिन्याला सरासरी ३००.

आता दुसरा आकडा. आपल्याकडे एक किलोवॉटचं सोलर वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चारच्या आसपास युनिट देतं, म्हणजे वर्षाला साधारण १,४००. तेव्हा ३,६०० ला १,४०० ने भागा, उत्तर येतं अडीचच्या थोडं वर. आम्हाला पुढे इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची होती म्हणून आम्ही तीन किलोवॉट धरले. पाच घेतले असते तर वरच्या दोन किलोवॉटचा पैसा जवळजवळ वाया गेला असता, तो कसा ते पुढे सांगते.

तुम्ही पण हाच भागाकार करा आणि त्यात पुढच्या दोन-तीन वर्षांत घरात काय वाढणारे आणि काय कमी होणारे याचा प्रामाणिक विचार करा. मुलगी लग्न होऊन जाणार असेल, मुलगा शिकायला पुण्याला जाणार असेल तर वापर घटतो, हे कोणी लक्षात घेत नाही. एसी, गीझर, इंडक्शन येणार असेल तर वाढतो. गीझरवरून आठवलं, ज्यांचं जास्त बिल फक्त अंघोळीच्या गरम पाण्याचं आहे त्यांनी आधी पाणी तापवायचा सोलर वॉटर हीटर बघावा, ती वेगळी वस्तू आहे, कमी जागेत आणि कमी पैशात काम होतं.

बिल किती असेल तर परवडतं

आपल्याकडे विजेचा दर सगळ्या युनिटला सारखा नाही हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. पहिल्या १०० युनिटला एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, ३०१ ते ५०० ला तिसरा, त्याच्यावर चौथा, आणि दर चढत जातो. त्यावर वहन आकार (वीज घरापर्यंत आणायचे पैसे), स्थिर आकार (वापर कितीही असो, दर महिन्याला येणारी ठरलेली रक्कम) आणि एकूण रकमेवर १६ टक्के वीज शुल्क. आमच्याकडे ज्या महिन्यात १०० च्या आसपास युनिट पडले त्या महिन्यात बिल आलं आठ-साडेआठशे, आणि ३०० पडले की सव्वातीन ते साडेतीन हजार. म्हणजे युनिट तिप्पट पण बिल चौपट. मधल्या दोनशे युनिटचा भाव बघितला तर सगळं धरून युनिटला तेरा रुपयांच्या जवळ जातो. सोलर आधी ही महागडी वरची युनिट खातं, स्वस्त युनिट शेवटी, त्यामुळे ज्याचं बिल मोठं त्याला सोलर लवकर फिटतं.

आमचा हिशेब असा होता. कोटेशन १,९५,००० रुपये, त्यात उंच स्ट्रक्चरचे, म्हणजे पॅनल ज्यावर बसतात त्या लोखंडी सांगाड्याचे, १८,००० धरलेले. केंद्राच्या पीएम सूर्य घर योजनेतून सबसिडी ७८,०००. खिशातून गेले १,१७,०००. आधी वर्षाचं बिल ४१,००० च्या आसपास होतं, आता स्थिर आकार वगैरे धरून दोनेक हजार जातात, म्हणजे वर्षाला ३९,००० वाचतात. तीन वर्षांत पैसे वसूल. नंतरचं मग पॅनल धुण्यापुरता खर्च आणि दहा-बारा वर्षांनी कधीतरी सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात चालेल अशी करणारं यंत्र) बदलावा लागेल तो, त्याचे तीस-चाळीस हजार मी आत्ताच बाजूला धरून ठेवलेत.

आता ज्यांचं बिलच महिन्याला आठशे येतं त्यांचं बघा. एक किलोवॉटला सबसिडी वजा जाऊन चाळीसेक हजार घालायचे आणि वर्षाला वाचणार आठ हजार, कारण स्थिर आकार तर राहणारच. पाच वर्षं लागतात. वाईट सौदा नाही, पण त्यासाठी कर्ज काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. महिन्याला १०० युनिटच्या आत वापर असणाऱ्यांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये स्मार्ट नावाची वेगळी योजना आणलीय, त्यात केंद्राच्या सबसिडीवर राज्याची भर पडते आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांना प्राधान्य आहे, तेव्हा अशा घरांनी महावितरणच्या ऑफिसात आधी ती चौकशी करावी, खाजगी माणसाच्या कोटेशनवर सही नंतर.

आणि "बिल शून्य होतं" हे जे सांगतात ते खरं नाही. वीज आकार शून्य होऊ शकतो. स्थिर आकार दर महिन्याला येतोच.

जास्तीची वीज कुठे जाते

दिवसा पॅनल वीज बनवतात, घरात लागेल तेवढी वापरली जाते, उरलेली नेट मीटरमधून बाहेर महावितरणच्या लाइनवर जाते आणि रात्री आपण तिथून परत घेतो. मीटर दोन्ही मोजतं, आत आलेले आणि बाहेर गेलेले. महिन्याला बाहेर गेलेले जास्त असतील तर ते युनिट पुढच्या महिन्याला जमा होतात, पैसे मिळत नाहीत. ही जमा चालते ३१ मार्चपर्यंत. आर्थिक वर्ष संपलं की शिल्लक युनिटचा हिशेब होऊन ते वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेतले जातात, आणि हा दर आपण वीज घेतो त्या दरापेक्षा कितीतरी कमी असतो.

त्यामुळे गरजेपेक्षा मोठं सोलर बसवून वीज विकून पैसे मिळवू असं कोणी म्हणत असेल तर घरगुती ग्राहकाला ते जमत नाही. शिवाय सबसिडी तीन किलोवॉटनंतर थांबते: पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला १८,०००, पुढे पाच बसवा नाहीतर दहा, ७८,००० च. म्हणजे आमचे ते पाच किलोवॉट असते तर वरचे दोन पूर्ण स्वतःच्या पैशाने, आणि त्यांची वीज मार्चअखेर कवडीमोल.

अजून एक गोष्ट मला वर्ष पूर्ण झाल्यावर कळली. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन कडक असतं, एसी अजून सुरू झालेला नसतो, त्यामुळे नेमके त्याच दोन महिन्यांत युनिट साठतात आणि ३१ मार्चला निघून जातात. उलट एप्रिल-मेमध्ये जे साठतं ते पावसाळ्यात कामाला येतं. आमच्याकडे एप्रिलमध्ये दिवसाला पंधरापर्यंत युनिट पडतात, जुलैत सरासरी सात, आणि दोन-दोन दिवस आभाळ फाटल्यासारखा पाऊस असतो तेव्हा दोन-अडीचसुद्धा. तेव्हा वर्षाच्या गरजेपेक्षा थोडंसं कमी बसवलं तरी चालतं, खूप जास्त नको.

आता गच्चीवर चला

इथे घाई करू नका, कारण बिलाचा हिशेब चुकला तर वर्षात कळतं, सावलीचा चुकला तर पॅनल परत उचलावे लागतात.

तीन किलोवॉटला मोकळी जागा लागते साधारण २०० ते ३०० चौरस फूट. आत्ताचे ५४५ वॉटचे पॅनल साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद येतात, आमचे सहा आहेत. पण नुसती जागा असून उपयोग नाही, सकाळी नऊ ते दुपारी चार त्या जागेवर सावली नको. पॅनल एकमेकांना माळेसारखे जोडलेले असतात, त्यामुळे एकावर टाकीची सावली पडली तर त्या एकापुरतं नुकसान होऊन थांबत नाही, सगळ्या माळेवर परिणाम होतो.

सावली बघायची ती डिसेंबरात. बहुतेक कोटेशनवाले उन्हाळ्यात येतात, गच्चीवर उभे राहतात आणि म्हणतात सगळीकडे ऊनच ऊन आहे की. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य डोक्यावर असतो, मेच्या दुसऱ्या आठवड्यात कराडला शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा सावली दिसणारच कशी. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो. २२ डिसेंबरच्या सुमारास आमच्या इथे दहा फूट उंच टाकीची सावली दुपारी साडेबाराला, म्हणजे सूर्य सगळ्यात वर असतानासुद्धा, साडेआठ फूट उत्तरेकडे पडते, आणि सकाळी नऊला तीच सावली बावीस फूट लांब, वायव्येकडे. संध्याकाळी ईशान्येकडे. हे माप माहीत असेल तर डिसेंबरपर्यंत थांबायची पण गरज नाही, दोरी घेऊन जमिनीवर मोजता येतं. जिना-खोली, टाकी, शेजारच्याचा मजला, नारळ, डिश अँटेना, प्रत्येकाची उंची गच्चीच्या पातळीपासून घ्या, आणि पॅनल त्यांच्या दक्षिणेला येतील असं बघा. टाकी पॅनलच्या उत्तरेला असेल तर त्रास नाही, दक्षिणेला असेल तर टाकी हलवा किंवा स्ट्रक्चर उंच करा. आम्ही थांबलो आणि डिसेंबरात तीन रविवार खडूने रेघा मारल्या, नऊ, बारा आणि चार वाजता. त्यामुळे पॅनलची जागा कोटेशनवाल्याने सांगितली होती तिथून आठ फूट सरकली.

दक्षिणेला रिकामा प्लॉट असेल तर तिथे कोणी बंगला बांधणार आहे का ते विचारून घ्या. हा प्रश्न अवघड वाटतो, पण विचारा.

दिशा दक्षिण उत्तम, उतार आपल्या भागात पंधरा ते वीस अंश. पूर्व-पश्चिम तोंड करून बसवलं तरी वीज मिळते, थोडी कमी. अगदी सपाट बसवू नका, धूळ बसून राहते आणि पावसाने धुतली जात नाही.

मग स्लॅब. एका पॅनलचं वजन तीस किलोच्या आसपास असतं, चांगल्या आरसीसी स्लॅबला ते जड नाही, खरा धोका वाऱ्याचा. वारा खालून शिरतो आणि पॅनल पतंगासारखे उचलतो. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने रायगडमध्ये पत्रे आणि कौलं कशी उडवली ते सगळ्यांनी बघितलंय, तेव्हा कोकणातल्या लोकांनी तर स्ट्रक्चरच्या बाबतीत एक रुपया वाचवू नये. लोखंडाला हॉट डिप गॅल्व्हनायझिंग, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेला थर पाहिजे, नुसता चंदेरी रंग मारलेला नको, आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे.

गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (पाणी झिरपू नये म्हणून घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर) असेल, म्हणजे बहुतेक जुन्या घरांवर असतोच, तर त्याला ड्रिलने भोकं पाडू देऊ नका. कोब्याला एकदा भोक पडलं की पाणी आत कुठून कुठे जातं ते सापडत नाही, आणि बेडरूमच्या छताला ओल आल्यावर सोलरवाला म्हणतो वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवा. आमच्याकडे खांबांच्या डोक्यावर काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यात बोल्ट सोडले, दोन दिवस जास्त लागले पण दोन पावसाळ्यांत एक थेंब नाही. गच्ची आधीच गळत असेल तर आधी ती दुरुस्त करा, मगच सोलर, कारण नंतर खाली काम करायला जागा राहत नाही. लोखंडी पत्र्याच्या शेडवर क्लॅम्पने बसवता येतं, सिमेंटच्या पत्र्यावर मात्र नको, तो माणूस चढला तरी फुटतो.

उंच स्ट्रक्चर घ्यायचं की बुटकं, यावर आमच्या घरात आठवडाभर चर्चा झाली. सासूबाईंचं म्हणणं होतं की कुरडया, पापड, सांडगे कुठे घालायचे, आणि ते बरोबरच होतं. म्हणून आठ फुटांवर पॅनल घेतले, खालून चालता येतं, सावलीत कपडे वाळतात आणि वाळवणाला पूर्वेची बाजू मोकळी राहिली. उंच घेतलं तर खर्च वाढतो आणि वाराही जास्त लागतो, त्यामुळे आडव्या-तिरप्या पट्ट्या जास्त मागून घ्या.

लाइट गेल्यावर सोलर चालतं का

नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की मी वेगळं लिहिते. साधं ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेलं, सोलर लाइट गेली की आपोआप बंद होतं, भर दुपारी कडक ऊन असलं तरी. ते बिघाड म्हणून नाही, मुद्दाम तसं केलेलं असतं, कारण खांबावर वायरमन काम करत असेल आणि आपल्या गच्चीवरून लाइनमध्ये करंट गेला तर त्याचा जीव जाईल. लाइट गेल्यावर घर चालवायचं असेल तर आहे तो बॅटरी-इन्व्हर्टर तसाच ठेवा, दोन्ही एकत्र नांदतात. हायब्रिड सिस्टम, म्हणजे लाइनलाही जोडलेलं आणि स्वतःची लिथियम बॅटरी असलेलं सोलर, हा दुसरा मार्ग आहे, पण खर्च बराच वाढतो आणि सबसिडी पॅनलवर मिळते, बॅटरीवर नाही. जिथे दिवसातून तास-दोन तास लाइट जाते तिथे माझ्या मते साधा जुना इन्व्हर्टर पुरतो. घरात कोणाला ऑक्सिजन मशीन लावावं लागत असेल किंवा रोज पाच-सहा तास लाइट जात असेल तर हायब्रिडचा विचार करा.

कागदपत्रं, आणि घराघरातली गोष्ट

मीटर कोणाच्या नावावर आहे? आपल्याकडे निम्म्या घरांत मीटर अजून आजोबांच्या नावावर असतं, आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली असतात. अर्ज मीटर ज्याच्या नावावर त्याच्याच नावाने होतो आणि सबसिडी त्याच्याच बँक खात्यात येते, तेव्हा आधी नाव बदलून घ्या. त्यासाठी वारसांची संमती लागते, आणि तीन भावांतला एक मुंबईला आणि एक बोलत नसेल तर यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून हे काम पॅनलच्या आधी सुरू करा. बिलावरचं नाव, आधारवरचं नाव आणि पासबुकवरचं नाव एकसारखं आहे का ते बघा, थकबाकी असेल तर भरून टाका.

एका घरात दोन मीटर असतील, वर धाकट्याचं खाली थोरल्याचं, तर सोलर एका मीटरला लागतं, त्याची वीज दुसऱ्याच्या बिलातून आपोआप वजा होत नाही. गच्ची मात्र दोघांची. हे आधी एकत्र बसून बोला, चहा घेऊन बोला, पण बोला.

सोसायटीत फ्लॅट असेल तर गच्ची सोसायटीची, तुमच्या एकट्याची नाही, तुम्ही वरच्या मजल्यावर राहत असलात तरी. तिथे लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांच्या कॉमन मीटरला सोलर बसवणं सगळ्यात सोपं, त्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या, सोसायटीला किलोवॉटमागे १८,००० सबसिडी आहे. रिडेव्हलपमेंटची बोलणी चालू असतील तर थांबा.

अर्ज ते नेट मीटर

पीएम सूर्य घर ही योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, १ कोटी घरांचं लक्ष्य आहे आणि मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. तिच्या सरकारी पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून स्वतः नोंदणी करा, बिलावर बारा आकडी असतो तो. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून करू नका आणि ओटीपी कोणाला सांगू नका, सबसिडी मंजूर करून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याचा फोन तिथेच ठेवून द्या. पोर्टलवर आणि महावितरणकडे नोंदणी असलेल्याच व्हेंडरकडून, म्हणजे सोलर बसवून देणाऱ्याकडून काम करून घ्यावं लागतं, नाहीतर सबसिडी मिळत नाही. १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला आता तांत्रिक तपासणीसाठी ताटकळावं लागत नाही, मंजूर भार (आपल्या जोडणीला मंजूर असलेले किलोवॉट) कमी असेल तर तो पण त्यातच वाढवून मिळतो.

व्हेंडर तीन तरी बघा. आणि त्यांनी आधी जिथे काम केलंय अशा दोन घरी स्वतः जा, शक्यतो दोन वर्षं जुन्या, तिथल्या बाईंना विचारा की तक्रार केल्यावर माणूस किती दिवसांनी आला. मला हा प्रश्न सगळ्यात जास्त उपयोगी पडला. आमच्या भागात पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी हे राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून २०२४ मध्ये जाहीर झालं, तिथे घराघरावर पॅनल आहेत, अशा ठिकाणी चक्कर मारली तर छोट्या घरांवर कसं बसवलंय ते डोळ्यांनी बघता येतं.

कोटेशनमध्ये नुसतं "३ किलोवॉट सोलर, १ नग" असं लिहिलेलं असेल तर परत पाठवा. पॅनलची कंपनी, मॉडेल, वॉट आणि संख्या पाहिजे, आणि पॅनल डीसीआर म्हणजे भारतात बनवलेल्या सेलचे आहेत असं लेखी पाहिजे, सबसिडीला ती अट आहे. बिगर डीसीआर पॅनल स्वस्त असतात, त्यामुळे एखादं कोटेशन बाकीच्यांपेक्षा पन्नास हजाराने कमी असेल तर पहिली शंका तीच घ्या. इन्व्हर्टरची वॉरंटी किती वर्षं, पॅनलच्या बनावटीची किती आणि वीजनिर्मितीची पंचवीस वर्षांची आहे ना, हे वेगवेगळं लिहून घ्या. अर्थिंगचे खड्डे तीन असायला हवेत, डीसी म्हणजे पॅनलच्या बाजूला एक, एसी म्हणजे इन्व्हर्टरपासून घराच्या बाजूला एक आणि आभाळातली वीज पडली तर ती जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाला स्वतंत्र एक. काही जण दोनच करून तिसरं त्यातच जोडतात, ते चालवून घेऊ नका. नेट मीटरचा खर्च, सिव्हिल काम, पाण्याचा नळ गच्चीवर नेणं, हे आत धरलंय की बाहेर तेही विचारा. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावर १२ वरून ५ टक्के झालाय, जुन्या दराने लावलेली कोटेशनं अजूनही फिरतात त्यावर लक्ष ठेवा.

पैसे टप्प्याने द्या. आमच्या ओळखीच्या एका घरी सगळे पैसे आधी दिले होते, पॅनल बसले, आणि नेट मीटरच्या कागदांसाठी माणूस चार महिने फिरकलाच नाही. तोपर्यंत पॅनल गच्चीवर नुसते उन्हात उभे, कारण नेट मीटरशिवाय चालू करता येत नाही. आम्ही दहा टक्के रक्कम नेट मीटर लागेपर्यंत धरून ठेवली, व्हेंडरला सुरुवातीलाच तसं सांगितलं, त्याने मान्य केलं, काम वेळेत झालं.

कर्ज लागत असेल तर सरकारी बँकांकडे या योजनेसाठी वेगळं विनातारण कर्ज आहे, तीन किलोवॉटपर्यंत दोन लाखाच्या आत, व्याज रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला जोडलेलं, पर्सनल लोनपेक्षा कितीतरी कमी. व्हेंडर जो हप्त्याचा कागद पुढे करतो त्यावर सही करायच्या आधी बँकेत जाऊन या. हप्ता तुमच्या महिन्याच्या बचतीपेक्षा कमी बसत असेल तर बिनधास्त घ्या.

बसल्यानंतर

आमच्या भागात ऊस तुटल्यावर पाचट पेटवतात, ती काळी राख उडून गच्चीभर होते, आणि डिसेंबर ते मार्च आठवड्यातून एकदा धुतल्याशिवाय युनिट पडत नाहीत. वीटभट्टीजवळ, कच्च्या रस्त्याच्या कडेला पण तसंच. धुवायचं ते सकाळी सातच्या आत, तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते. बोअरचं जड पाणी वापरलं तर पांढरे डाग बसतात आणि ते नंतर निघत नाहीत, म्हणून टाकीतलं नळाचं पाणी आणि लांब दांड्याचा मऊ पोछा, साबण नाही, घासणी तर नाहीच. वायर कुठे सोललेली दिसली तर हात लावू नका, उन्हात त्या वायरमध्ये काहीशे व्होल्ट असतात आणि घरातलं बटण बंद केल्याने ते जात नाहीत. माकडं येत असतील तर वायर पाइपमधूनच न्यायला सांगा.

इन्व्हर्टर उन्हात किंवा पावसाच्या झडीत लावू देऊ नका, जिन्यात सावलीला लावा. रोज संध्याकाळी त्यावरचा दिवसाचा आकडा मी वहीत लिहिते, एका मिनिटाचं काम आहे, आणि एकदा असंच बघताना भर एप्रिलमध्ये पंधराऐवजी सात दिसले तेव्हा कळलं की एक कनेक्टर सैल झालाय. पाच वर्षं देखभाल व्हेंडरने करायचीय, ती करारात आहे, फोन करायला संकोच करू नका.

नेट मीटर लागल्यावर पहिलं बिल आलं की बिलावरचं बाहेर गेलेल्या युनिटचं रीडिंग आणि मीटरवरचं रीडिंग जुळतं का ते फोटो काढून पडताळा, आमच्या पहिल्या बिलात गेलेले युनिट लागलेच नव्हते, फोटो दाखवल्यावर पुढच्या बिलात दुरुस्त झाले. सबसिडी साधारण महिनाभरात खात्यात येते, त्यासाठी नेट मीटर बसल्याचा अहवाल पोर्टलवर चढलाय का आणि बँकेचा तपशील भरलाय का हे स्वतः लॉगिन करून बघा.

शेजारच्या काकूंचे वर्षाचे २,९०० युनिट भरलेत, म्हणजे दोन किलोवॉट पुरतात, ६०,००० सबसिडी. पण त्यांची टाकी दक्षिणेला आहे, त्यामुळे आधी प्लंबर येणार आहे.